जावा स्ट्रीममधले कलेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत मी संध्याकाळी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. मुलं बहुतेक इथलीच. काही शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आहेत. ती शिमग्याला-गणपतीला घरी आली की लॅपटॉप घेऊन येतात आणि बाकीचं वर्षभर फोनवर विचारतात. कलेक्टरबद्दल फिरून फिरून जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे.

उदाहरणं बंदरावरच्या लिलावाच्या वहीतली घेतली आहेत, कारण ती वही इथे सगळ्यांच्या ओळखीची आहे. वर्ग आणि मेथडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; कोड टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहा. एका संध्याकाळच्या पाच नोंदी धरून चालू (भाव किलोचे आणि फक्त उदाहरणापुरते; होडीचे तपशील इथे गाळले आहेत):

बांगडा, ४० किलो, १२० रुपये
सुरमई, १२ किलो, ६०० रुपये
बांगडा, २५ किलो, १८० रुपये
पापलेट, ६ किलो, ९०० रुपये
सुरमई, ९ किलो, ६५० रुपये

प्रत्येक ओळ म्हणजे `नोंद` या वर्गाचा एक ऑब्जेक्ट. त्यात होडीचा नोंदणी क्रमांक, होडीचं नाव, मासा, किलो आणि भाव एवढं आहे.

१. कलेक्टर म्हणजे नेमकं काय? साधा फॉर लूप असताना तो कशाला?

स्ट्रीम म्हणजे यादीतल्या वस्तू एकेक करून पुढे सोडणारा प्रवाह. त्यातून एकामागून एक येणारे ऑब्जेक्ट शेवटी कशात आणि कसे जमा करायचे, ते सांगणारा ऑब्जेक्ट म्हणजे कलेक्टर. यादी हवी, मॅप (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या) हवा, एकच बेरीज हवी की स्वल्पविरामांनी जोडलेली एक ओळ हवी, हे तोच ठरवतो. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आलं, तेव्हापासून लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) आणि स्ट्रीमसोबत हे भाषेत आहे. तयार कलेक्टर `कलेक्टर्स` या वर्गात मिळतात आणि स्ट्रीमच्या `कलेक्ट` मेथडला द्यायचे असतात.

कलेक्टरच्या पोटात चार कामं असतात. सप्लायर रिकामं भांडं देतो. अ‍ॅक्युम्युलेटर त्यात एकेक वस्तू टाकतो. कंबाइनर दोन अर्धवट भरलेली भांडी एकत्र करतो. फिनिशर भरलेल्या भांड्यातून शेवटचा निकाल काढतो. ही चार नावं पाठ असू द्या, प्रश्न १२ आणि १३ त्यांच्यावरच उभे आहेत.

लूपने हे सगळं होतं, आणि लूप वाईट नाही. पण लूपमध्ये 'मॅपमध्ये हा मासा आहे का, नसेल तर नवी यादी कर, मग त्यात टाक' या तीन ओळी दर वेळी हाताने लिहाव्या लागतात आणि चूक होते ती तिथेच. कलेक्टर वाचताना पहिल्याच नजरेत कळतं की शेवटी काय हवं आहे. माझ्या मते त्याचा खरा फायदा हा आहे, वेग नंतर.

२. तीच स्ट्रीम दुसऱ्यांदा वापरली तर प्रोग्राम का पडतो?

स्ट्रीम म्हणजे यादी नव्हे. ती एकदाच वाहते. एकदा `कलेक्ट` म्हटलं की संपली. पुन्हा हात लावलात तर इल्लीगलस्टेटएक्सेप्शन येतं (एक्सेप्शन म्हणजे चालू प्रोग्राम थांबवणारी चूक). मूळ यादी जपून ठेवा आणि दर वेळी तिच्यावरून नवी स्ट्रीम काढा. एकाच फेरीत दोन निकाल हवे असतील तर प्रश्न १० पाहा.

३. ग्रुपिंगबाय एकाच गोष्टीवर कळतो. पण त्याच्या आत दुसरा कलेक्टर का घालतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सावकाश घेऊ. नुसतं

`नोंदी.स्ट्रीम().कलेक्ट(ग्रुपिंगबाय(नोंद::मासा))`

लिहिलंत (`नोंद::मासा` म्हणजे नोंदीतून मासा काढणं) की एक मॅप मिळतो. 'बांगडा' या कीला दोन नोंदींची यादी, 'सुरमई'ला दोन नोंदींची, 'पापलेट'ला एकीची. लिलावाआधी मासळी जातवार वेगळी करून ठेवतात तसे हे ढीग.

पण बहुतेकदा आपल्याला ढीग नको असतो, त्या ढिगाचं काहीतरी हवं असतं: वजन, नग, सर्वांत जास्त भाव. प्रत्येक ढिगाचं काय करायचं ते आतला कलेक्टर सांगतो:

`ग्रुपिंगबाय(नोंद::मासा, समिंगडबल(नोंद::किलो))`

आता बांगडा ६५, सुरमई २१, पापलेट ६. आत `काउंटिंग()` घातलं तर २, २, १ (हे आकडे लाँग प्रकारचे येतात, इंट नव्हे; व्हेरिएबलचा प्रकार चुकला म्हणून कंपायलर ओरडतो ते यामुळेच). आत `मॅपिंग(नोंद::होडीचंनाव, टूसेट())` घातलं तर कुठला मासा कुठल्या होड्यांनी आणला ते मिळतं. आणि आत पुन्हा ग्रुपिंगबाय घातला तर माशाखाली होडी आणि होडीखाली नोंदी अशी दोन पातळ्यांची वही तयार होते.

आतला कलेक्टर दिला नाही तर जावा स्वतःच तिथे `टूलिस्ट()` धरतं. म्हणजे 'साधा' ग्रुपिंगबाय असा काही नसतोच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. तीनपेक्षा जास्त पातळ्या मात्र करू नका. महिन्याभराने तुम्हालाच त्या वाचता येणार नाहीत; त्यापेक्षा की म्हणून मासा आणि होडी असलेलं छोटं रेकॉर्ड (काही मूल्यं एकत्र ठेवणारा साधा वर्ग) वापरा.

४. यादी करायच्या तीन पद्धती दिसतात. कुठली वापरू?

`कलेक्टर्स.टूलिस्ट()` जावा ८ पासून आहे. त्यातून आज अ‍ॅरेलिस्ट मिळते आणि तिच्यात भर घालता येते, पण दस्तऐवजात तशी हमी दिलेली नाही. `कलेक्टर्स.टूअनमॉडिफायेबललिस्ट()` जावा १० मध्ये आलं. ती यादी बदलता येत नाही आणि तिला नल (म्हणजे 'काहीच नाही') चालत नाही. जावा १६ पासून स्ट्रीमवरच थेट `टूलिस्ट()` आहे. ही यादीही बदलता येत नाही, पण नल मात्र चालतो.

नवीन जावा असेल तर तिसरी घ्या. नंतर भर घालायचीच असेल तर नशिबावर न सोडता `टूकलेक्शन(अ‍ॅरेलिस्ट::न्यू)` असं स्पष्ट लिहा. जुन्या प्रोजेक्टमध्ये पहिलीच्या जागी सरसकट तिसरी घालायला जाल, तर पुढे कुठेतरी `अ‍ॅड` करणारी ओळ चालू प्रोग्राममध्ये अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन देईल.

५. टूमॅप वापरला आणि 'डुप्लिकेट की' असं म्हणून प्रोग्राम थांबला. आता काय?

टूमॅपला आपण की कशी काढायची आणि व्हॅल्यू कशी काढायची ते सांगतो. एकच की दोनदा आली की दोन्हींतलं कुठलं ठेवायचं ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो थांबतो. ते चांगलंच आहे. (जावा ८ वर असाल तर एक जपा: तिथल्या संदेशात 'डुप्लिकेट की'च्या पुढे चुकून व्हॅल्यू छापली जाते, की नव्हे. त्यापायी मुलांनी तासन्‌तास भलत्याच ठिकाणी शोध घेतला आहे. जावा ९ पासून हे सुधारलं.)

उपाय म्हणून इंटरनेटवर तिसरा पॅरामीटर सुचवतात: `(जुनं, नवं) -> नवं`. प्रोग्राम चालू होतो. पण हे लिहिण्याआधी एक प्रसंग वाचा.

एका मच्छीमार सोसायटीसाठी मी रोजच्या लिलावाचा हिशेब छापणारा प्रोग्राम लिहिला होता. की म्हणून होडीचं नाव घेतलं. 'डुप्लिकेट की' आलं तेव्हा वाटलं, एकाच होडीच्या दोन नोंदी असतील, आणि घाईत वरची ओळ टाकली. तिसऱ्या दिवशी एका होडीच्या मालकीणबाई स्वतःची वही घेऊन आल्या. निळ्या शाईत, एका ओळीत एक मासा, शेवटी किलो. आमचा छापील कागद शेजारी ठेवून त्यांनी सुरमईवर बोट ठेवलं. "बाळा, हे बारा किलो कुठे गेले?" मी म्हटलं, मावशी, बघतो. आपल्याकडे देवाच्या नावाच्या होड्या किती! त्याच नावाची दुसरी होडी पलीकडच्या वाडीतली होती, तिची नोंद नंतर आली आणि मावशींच्या नोंदीवर बसली. एक्सेप्शन नाही, इशारा नाही. त्यांची वही नसती तर मला कळलंही नसतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. की म्हणून नाव नव्हे, नोंदणी क्रमांक. आणि तिसरा पॅरामीटर लिहायचाच तर त्यामागचं व्यवहारातलं कारण तोंडाने सांगता आलं पाहिजे: एकाच होडीच्या दोन खेपा असतील तर `डबल::सम`, बेरीज. 'नवं ठेव' हे फक्त तिथे, जिथे नवी नोंद खरोखरच जुनीची दुरुस्ती असते.

६. मग टूमॅप कधी आणि ग्रुपिंगबाय कधी?

एका कीला एकच वस्तू असणार हे पक्कं असेल तर टूमॅप. दुसरी आली तर तो ओरडेल, आणि तेच हवं. एका कीला अनेक असू शकतात असं वाटत असेल तर ग्रुपिंगबाय. टूमॅप आणि बेरीज करणारा तिसरा पॅरामीटर म्हणजे तसा ग्रुपिंगबाय आणि समिंगच. मला दुसरं वाचायला सोपं वाटतं.

७. नोंदीत माशाचं नाव रिकामं राहिलं तर?

'रिकामं' म्हणजे नल असेल तर कलेक्टरागणिक वागणूक बदलते. ग्रुपिंगबायला की नल मिळाली तर नलपॉइंटरएक्सेप्शन. टूमॅपला व्हॅल्यू नल मिळाली तरी तेच, जरी साध्या हॅशमॅपला नल व्हॅल्यू चालते. याचं बहुतेकांना आश्चर्य वाटतं. काउंटिंग मात्र नलही मोजतो. आणि जॉइनिंग सगळ्यांत फसवा: तो थांबत नाही, ओळीत इंग्रजी अक्षरांत 'नल' हा शब्दच छापतो.

नोंद तयार होते तिथेच, कन्स्ट्रक्टरमध्ये, नल अडवा. ते शक्य नसेल तर की काढतानाच 'इतर' किंवा 'नाव नाही' असं स्पष्ट नाव द्या. नल गुपचूप गाळून टाकू नका. वजन तर आलेलं असतं, ते हिशेबातून जाईल.

८. फिल्टर आधी लावू की ग्रुपिंगबायच्या आत? पार्टिशनिंगबाय याहून वेगळा कसा?

दहा किलोच्या वरच्या नोंदी माशानुसार हव्या आहेत. आधी `फिल्टर` लावून मग गट केले तर पापलेट मॅपमधून पूर्ण नाहीसं होतं, कारण त्याची एकमेव नोंद सहा किलोंची. गट आधी करून आत `फिल्टरिंग` (जावा ९ पासून) घातलं तर पापलेटची की राहते, तिच्यासमोर रिकामी यादी. तक्त्यात 'पापलेट: ०' अशी ओळ हवी असेल तर दुसरी पद्धत. मात्र त्या दिवशी जो मासा आलाच नाही, तो दोन्हींत दिसणार नाही. तिथे माशांची पूर्ण यादी घेऊन `गेटऑरडिफॉल्ट` वापरा.

पार्टिशनिंगबाय फक्त हो-नाहीचे दोन गट करतो, आणि दोन्ही कीज त्यात नेहमी असतात, एक गट रिकामा असला तरी. ग्रुपिंगबायला बूलियन दिलात तर रिकाम्या गटाची की नसते आणि `गेट` नल देतं.

९. गटांचा क्रम दर वेळी वेडावाकडा येतो. बांगडा आधी हवा!

ग्रुपिंगबाय आतून हॅशमॅप वापरतो आणि त्याला क्रम नसतो. मधल्या पॅरामीटरमध्ये मॅप आपण द्यायचा: `ग्रुपिंगबाय(नोंद::मासा, ट्रीमॅप::न्यू, काउंटिंग())`. नोंदी आल्या त्याच क्रमाने हवं तर ट्रीमॅपच्या जागी लिंक्डहॅशमॅप.

मराठी नावं असतील तर एक बारकी गोष्ट. ट्रीमॅप अक्षरं युनिकोडच्या क्रमाने लावतो आणि युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. गावांची, आडनावांची यादी लावताना हे डोळ्यात खुपतं. अशा वेळी ट्रीमॅपला स्वतःचा कंपॅरेटर (क्रम ठरवणारं फंक्शन) द्या. माशांची यादी ठरलेलीच असेल तर त्यांचा एनम (ठरलेल्या नावांचा प्रकार) करून एनममॅप वापरणं मला जास्त आवडतं: एनममध्ये जो क्रम लिहाल तोच तक्त्यात उतरतो, आणि माशाचं नाव चुकीचं टाइप होण्याचा प्रश्नच उरत नाही.

१०. दिवसाचा सरासरी भाव काढला तो लोकांना पटत नाही. अ‍ॅव्हरेजिंगडबल चुकतो का?

तो चुकत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतो. बांगड्याच्या दोन नोंदींचे भाव १२० आणि १८०. अ‍ॅव्हरेजिंगडबलने सरासरी १५०. पण ४० किलो १२० ने गेला, ४,८०० रुपये. २५ किलो १८० ने, ४,५०० रुपये. एकूण ९,३०० रुपये, ६५ किलो, म्हणजे किलोला साधारण १४३ रुपये. १५० ने हिशेब केला तर ९,७५० होतात. पाच नोंदींच्या वहीत साडेचारशे रुपयांचा फरक! बंदरावरच्या माणसाला तो न मोजता जाणवतो.

इथे एकाच फेरीत दोन बेरजा हव्यात: रक्कम आणि वजन. जावा १२ मध्ये आलेला `टीइंग` नेमका यासाठी आहे. त्याला दोन कलेक्टर आणि शेवटी दोन्ही निकाल जोडणारं फंक्शन द्यायचं:

`टीइंग(समिंगडबल(न -> न.किलो() * न.भाव()), समिंगडबल(नोंद::किलो), (रक्कम, वजन) -> रक्कम / वजन)`

हा पूर्ण टीइंग ग्रुपिंगबायच्या आत घातला की माशागणिक खरा सरासरी भाव मिळतो. ग्रुपिंगबायच्या आत गट कधीच पूर्ण रिकामा नसतो, त्यामुळे भागाकार सहसा सुरक्षित. बाहेर वापरलात तर पुढचा प्रश्न वाचा.

पैशांबद्दल आणखी. `समिंगइंट` इंटमध्ये बेरीज करतो, आणि इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. रुपयांऐवजी पैसे साठवत असाल तर ही मर्यादा सव्वादोन कोटी रुपयांच्याही आतच संपते, आणि ओलांडली की कसलीही सूचना न देता उणे आकडा येतो. `समिंगलाँग` वापरा. समिंगडबल आतून चूक भरून काढणारी बेरीज करतो, तरी दशांश रुपयांसाठी डबल नकोच. बिगडेसिमलसाठी (अचूक दशांशांचा प्रकार) तयार समिंग नाही, `रिड्यूसिंग(बिगडेसिमल.झिरो, नोंद::रक्कम, बिगडेसिमल::अ‍ॅड)` हे लिहावं लागतं.

११. जून-जुलैमध्ये अहवाल चालवला तर विचित्र आकडे येतात. का?

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत नोंदीच नसतात, आणि रिकाम्या स्ट्रीमवर प्रत्येक कलेक्टरचं उत्तर वेगळं असतं. समिंग आणि काउंटिंग शून्य देतात, ते बरोबर. अ‍ॅव्हरेजिंगही ०.० देतो, ते दिशाभूल करणारं: सुरमईचा भाव शून्य झाला असं वाचणाऱ्याला वाटेल. मॅक्सबाय रिकामा ऑप्शनल (आत वस्तू असेल किंवा नसेल असं वेष्टन) देतो, त्यावर डोळे मिटून `गेट` केलंत तर एक्सेप्शन. समरायझिंगइंटमध्ये सर्वांत कमी वजन म्हणून २,१४,७४,८३,६४७ येतं, आणि सर्वांत जास्त म्हणून तेवढाच उणे आकडा, टोकाला एकाने पुढे. वरच्या टीइंगमध्ये शून्याला शून्याने भागून डबलमध्ये 'नॅन' (आकडाच नव्हे) येतं.

प्रोग्राम ऑगस्टनंतर लिहून हातावेगळा करतात आणि पुढच्या जूनपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: पहिली चाचणी रिकाम्या यादीवर.

१२. पॅरलल स्ट्रीम केली आणि काही नोंदी गायब झाल्या. कलेक्टर भरवशाचे नाहीत का?

कलेक्टर भरवशाचे आहेत. नोंदी गायब होतात त्या बहुधा `फॉरईच`च्या आतून बाहेरच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये `अ‍ॅड` केल्याने. अनेक थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) एकाच यादीत एकदम लिहितात आणि एकमेकांचं पुसतात. `कलेक्ट`मध्ये प्रत्येक तुकड्याला सप्लायर स्वतंत्र भांडं देतो आणि कंबाइनर ती शेवटी जोडतो, त्यामुळे टूलिस्टमध्ये मूळ क्रमही टिकतो.

ग्रुपिंगबाय पॅरललमध्ये चालतो, पण मॅप जोडणं महाग पडू शकतं. `ग्रुपिंगबायकॉन्करंट` एकाच सामायिक मॅपमध्ये लिहितो. त्यात गटातल्या नोंदींचा क्रम टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर बंदराच्या एका दिवसाच्या वहीसाठी यातलं काही लागत नाही. आधी साधी स्ट्रीम चालवून वेळ मोजा.

१३. स्वतःचा कलेक्टर लिहिला, चालतो. तरी सर म्हणतात चूक आहे. काय चुकलं असेल?

बहुतेक कंबाइनर. `कलेक्टर.ऑफ`ला तो द्यावाच लागतो, पण साध्या स्ट्रीममध्ये तो कधी बोलावलाच जात नाही. म्हणून तिथे मुलं `नल` परत करतात किंवा डाव्या भांड्यात उजवं ओतायला विसरतात, आणि चाचण्या हिरव्या दिसतात. तपासायचं असं: तीच यादी दोन तुकड्यांत वेगवेगळी जमा करा, कंबाइनरने जोडा, आणि अखंड यादीच्या निकालाशी ताडून पाहा. तुकडा कुठेही पाडला तरी उत्तर तेच यायला हवं.

१४. पन्नास किलोचा टब भरला की पुढचा टब सुरू, असा कलेक्टर मला जमतच नाही.

तो कलेक्टर नव्हेच. वरची चाचणी लावा: यादी मधे तोडली की उजव्या तुकड्याला माहीत नसतं की डाव्याचा शेवटचा टब किती भरला होता, त्यामुळे टब वेगळे पडतात. जोडताना उजवीकडची सगळी मासळी पुन्हा नव्याने भरावी लागेल. म्हणजे कंबाइनर लिहिता येतो, पण त्याला अर्थ उरत नाही.

मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये यासाठी गॅदरर कायमचे आले. कलेक्टर स्ट्रीमच्या शेवटी बसतो, गॅदरर मध्ये बसतो आणि पुढे कितीही वस्तू सोडू शकतो. दहा-दहा नोंदींची पानं पाडायची तर तयार `विंडोफिक्स्ड(१०)` आहे. वजनाचा टब असेल तर `गॅदरर.ऑफसिक्वेन्शियल` वापरून स्वतः लिहा: चालू टब स्थिती म्हणून ठेवा, नवी नोंद मावत नसेल तर भरलेला टब पुढे सोडा, आणि शेवटच्या फंक्शनमध्ये अर्धवट राहिलेला टब सोडायला विसरू नका. त्यापुढे नेहमीचा कलेक्टर लावता येतोच. जावा २४ नसेल तर इथे सरळ फॉर लूप लिहा.